कृष्णफळाची वेल : फुलापासून फळापर्यंत



कृष्णकमळाचं फूल तुम्ही पाहिलंच असेल. गेटच्या कमानीवर, नाहीतर अंगणातल्या जाळीवर चढवलेली ती जांभळ्या फुलांची वेल. लहानपणी आजीने त्या फुलातले कौरव-पांडवही दाखवले असतील. पण याच कुळातली एक वेल खायचं फळ देते, ते फळ तुम्ही खाल्लं आहे का? त्याला आपल्याकडे कृष्णफळ म्हणतात. बाजारात विचाराल तर 'पॅशन फ्रूट' म्हणून ओळखतील.

आज या वेलीबद्दल लिहिते आहे, कारण आमच्या शाळेत तिने एक आख्खं वर्ष परिसर अभ्यास शिकवला. मुलांना तर शिकवलाच, मोठ्यांनाही शिकवला. ही वेल कशी लावायची, कशी सांभाळायची हे मी सांगणारच आहे, पण त्याआधी तिला फळ का येत नव्हतं ते सांगायला हवं.

वेलीची ओळख

कृष्णफळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील आणि पॅराग्वेच्या बाजूचं. आपल्या देशात ते निलगिरी, वायनाड, कोडगू या डोंगराळ भागांत रुजलं. आता मणिपूर, नागालँड, मिझोराममध्येही त्याची लागवड होते. त्याचे मुख्य प्रकार दोन. जांभळ्या सालीचं फळ थंड, उंचावरच्या हवेत चांगलं येतं. पिवळ्या सालीचं आपल्या कोकणासारख्या उष्ण-दमट सखल भागात चांगलं वाढतं. कोडगू जिल्ह्यातल्या चेट्टळ्ळीच्या बागायती प्रयोग केंद्रात या दोन्हींचा संकर करून 'कावेरी' नावाची जात तयार केली आहे.

आता नावाची गंमत. 'पॅशन' म्हटलं की आपल्याला वाटतं आवड, वेड. पण इथे त्याचा अर्थ यातना असा आहे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना या फुलात येशूच्या यातना दिसल्या. तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरच्या तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. पुढे १७५३ साली लिनियसने या कुळाला 'पॅसिफ्लोरा' हेच नाव दिलं. आपल्याकडच्या माणसांना त्याच फुलात महाभारत दिसलं. बाहेरचे तंतू शंभर कौरव, पाच पुंकेसर पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधला हिरवा गोळा कुणी म्हणतं कृष्ण, कुणी म्हणतं द्रौपदी. फूल एकच, पण ज्याच्या मनात जी गोष्ट, ती त्याला दिसली.

आमच्या चौथीच्या मुलांना मी सांगितलं, कौरव खरंच शंभर आहेत का ते मोजा. चार गट, चार फुलं. एकाही गटाचं उत्तर १०० आलं नाही! आतले आखूड तंतू मोजायचे की नाहीत यावर तर चांगलंच भांडण जुंपलं. पाच आणि तीन मात्र प्रत्येक फुलात बरोबर निघाले. गणिताचा तास होता की विज्ञानाचा की मराठीचा, सांगता येणार नाही.

"वांझ येल ती"

आमची शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीतली. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. मी जूनमध्ये बदली होऊन इथे आले तेव्हा कंपाउंडच्या जाळीवर ही पिवळ्या जातीची वेल आधीपासून होती. हिरवीगार, गुडघ्याएवढ्या जाड पसाऱ्याची. लोक सांगायचे, दोन वर्षं झाली, फुलं भरपूर येतात, फळ एक नाही.

शाळेच्या वाटेवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका थांबून म्हणायच्या, "वांझ येल ती. काढून टाका आणि थंय दुधी लावा."

सप्टेंबरमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली, तिथेही हाच विषय निघाला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमची परसबाग एवढीशी. त्या जाळीवर दुधी, तोंडली, दोडकी लावली तर पोरांच्या आमटीत भाजी पडेल. नुसत्या फुलांना जागा कशाला? मुख्याध्यापक सरांनी मधला मार्ग काढला, "डिसेंबरपर्यंत बघू. नाहीच फळ धरलं तर काढू."

त्या बैठकीत चहा द्यायला आमच्या स्वयंपाकवाल्या काकी होत्या. काकी गेली बारा वर्षं शाळेत पोषण आहार शिजवतात. शाळेतलं प्रत्येक पोर त्यांच्या हातचं जेवून मोठं झालंय. त्यांना स्वतःचं मूल नाही. "वांझ" हा शब्द त्या बैठकीत तीन-चार वेळा आला, अगदी सहज, वेलीबद्दलच. काकी कप गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की हा शब्द त्यांनी वाटेवरही रोज ऐकला असणार.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, फुलां इतकी येतत, मगे फळ कित्याक धरणा नाय?"

प्रश्न पुस्तकातला नव्हता, पण उत्तर शोधण्यासारखं होतं. मी वाचलं, कृषी सहायकांना विचारलं. उत्तर साधं निघालं. पिवळं कृष्णफळ स्वतःचे परागकण स्वीकारत नाही. त्याला दुसऱ्या वेलीचेच परागकण लागतात. दुसरी वेल म्हणजे वेगळ्या बीची वेल. एकाच वेलीच्या फांद्या कापून दहा रोपं केली तरी ती सगळी मिळून एकच वेल! जांभळ्या जातीचं तसं नसतं, तिथे एकटी वेलही फळ धरू शकते. आमची वेल पिवळी, आणि आख्ख्या वाडीत ती एकच.

मुलांना मी एवढंच सांगितलं की वेलीत काही बिघाड नाही, तिच्यापर्यंत काहीतरी पोचत नाहीये. आता ते पोचवून बघायचं.

फूल उघडायची वेळ

पिवळ्या कृष्णफळाचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उघडतं आणि रात्री मिटतं. मिटलं की संपलं, दुसऱ्या दिवशी परत उघडत नाही. जांभळ्याचं पहाटे उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. म्हणजे आमची वेल नेमकी खिचडीच्या वेळेला फुलायची! मुलं ताटं धुऊन जाळीपाशी जमायची.

फूल उघडतं तेव्हा वरच्या तीन कुक्षी ताठ उभ्या असतात. साधारण तासाभरात त्या हळूहळू खाली वाकतात आणि पुंकेसरांच्या पातळीला येतात. हे डोळ्यांनी दिसतं, भिंग लागत नाही. वाकलेल्या कुक्षीला परागकण लागले तर फळ धरायची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून आम्ही दीड ते अडीच ही वेळ ठरवली.

पण दुसऱ्या वेलीचं फूल आणायचं कुठून? हे कोडं काकींनी सोडवलं. पलीकडच्या वाडीत, त्यांच्या माहेरी, विहिरीजवळ अशीच एक वेल होती. पिवळीच, पण दुसरीकडून आणलेली. चालत पंधरा मिनिटं. जेवणं उरकली की काकी जायच्या आणि डब्यात चार-पाच ताजी फुलं घेऊन यायच्या.

प्रयोग असा. सहा फुलांना आमच्याच वेलीचे परागकण लावले आणि देठाला पांढरा दोरा बांधला. सहा फुलांना काकींच्या माहेरच्या वेलीचे परागकण लावले आणि लाल दोरा बांधला. परागकण लावायचे म्हणजे काय, तर आणलेल्या फुलाचा पुंकेसर चिमटीत धरून तीनही कुक्षींवर हलकेच फिरवायचा. पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे.

पहिल्याच दिवशी तीन वाजता ऑक्टोबरची सर आली. चार दिवसांत बाराच्या बारा फुलं गळून गेली. मुलं हिरमुसली, पण त्यातूनही एक गोष्ट कळली. या फुलाचे परागकण ओले झाले की फुटतात. परागकण लावल्यावर निदान दोन तास कोरडे जावे लागतात.

आठवड्याने, आभाळ स्वच्छ बघून, पुन्हा बारा फुलं. पाचव्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याची सहाही फुलं खाली पडलेली. लाल दोऱ्याची दोन गळली आणि चार राहिली. त्या चारांमधला हिरवा गोळा बोराएवढा झाला होता. मुलांनी ते वहीत लिहिलं, तक्ता काढला. एकाने निष्कर्षात लिहिलं, "वेल वांझ नाही. तिला पाव्हणे पाहिजेत." मी त्या वाक्याखाली लाल पेनाने बरोबरची खूण केली.

दिवाळीची सुट्टी लागली, शाळा उघडली, फळं लिंबाएवढी, मग पेरूएवढी झाली. फुलापासून पिकेपर्यंत साधारण सत्तर-ऐंशी दिवस लागतात. डिसेंबर संपता संपता एका सकाळी पहिलं पिवळं फळ जाळीखाली पडलेलं सापडलं. कृष्णफळ तोडायचं नसतं बरं का, ते पिकलं की आपणच पडतं. चार फळांचा गर, साखर, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून काकींनी सरबत केलं. एकवीस मुलांना दोन-दोन घोट आले. कोकमापेक्षा वेगळं आंबट, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्या दिवशी वाटेवरच्या एका आजींना काकींनी फळाचं टरफल दाखवलं आणि म्हणाल्या, "वांझ खंय होती? एकटी होती ती." आजी काही बोलल्या नाहीत. टरफलाचा वास घेतला आणि गेल्या.

शिक्षकमित्रांनो, मी त्या दिवसापासून वर्गात एक नियम केला आहे. हा शब्द आम्ही झाडाबद्दलसुद्धा वापरत नाही. झाडाबद्दल तो चुकीचा होता, हे मुलांनी बारा दोऱ्यांनी दाखवून दिलं. बाईमाणसाबद्दल तर तो वापरायचा अधिकार कुणालाच नाही, तिथे कुठल्या प्रयोगाची गरजच नाही. आणि मुलांबद्दल आपण जे म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरतच नाही", ते म्हणायच्या आधी त्याच्यापर्यंत काय पोचलं नाही हे बघायची सवय मला या वेलीमुळे लागली.

भुंग्याची बाजू

पण रोज काकींनी डबा घेऊन जायचं, असं कायम कसं चालेल? निसर्गात हे काम भुंगा करतो. कृष्णफळाचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी लहान पडते. ती खालून मध आणि पराग घेऊन जाते, वरच्या कुक्षीला तिचा स्पर्श होतोच असं नाही. तो मोठा, काळा, घुंऽऽ करत येणारा भुंगा मात्र फुलात बसला की त्याची पाठ बरोबर पुंकेसरांना आणि कुक्षींना घासते. जणू मापाने बेतलेला.

हा भुंगा कोरड्या लाकडात बीळ करून राहतो. आपल्या मराठीला हे सातशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, वाळलं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो, असा दृष्टांत आहे. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच ओसरीच्या वाशाला पडलेली गोल भोकं दाखवली. खाली ताजा भुसा.

इथे दुसरा वाद आला. पालक म्हणाले, भोकं सिमेंटने बुजवा, औषध मारा. "भुंगो चावतलो पोरांक." भीती खोटी नव्हती. मादीला नांगी असते. पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही, आणि नराला तर नांगीच नसते. वाशाची काळजीही बरोबरच होती, शाळेचं छप्पर आहे ते.

मग आम्ही दोन्ही गोष्टी जमवल्या. सुके बांबू हातभर लांबीचे कापले. प्रत्येकाचं एक टोक पेराने बंद, दुसरं उघडं. ते आडवे जुडीने बांधून वेलीच्या मांडवाखाली, पाऊस लागणार नाही असे टांगले. ओसरीचे वासे रिकामे झाल्यावर मग भोकं बुजवून त्यांना तेल लावलं. पुढच्या फेब्रुवारीत एका बांबूखाली भुसा दिसला. मुलांनी तिथे पाटी लावली, "भुंग्याचे घर. हात लावू नये." दुसरी वेलही आम्ही काकींच्या माहेरची फांदी आणून लावली होती. ती फुलायला लागल्यापासून डबा थांबला.

तुम्हाला लावायची असेल तर

१. रोप : ताज्या फळाच्या बिया काढून दोन-तीन दिवस भिजवा, गर चोळून धुवा आणि लगेच पेरा. जुन्या, वाळलेल्या बिया उशिरा रुजतात. पिवळी जात असेल तर वेगवेगळ्या बियांची निदान दोन-तीन रोपं जवळजवळ लावा.

२. जागा : भरपूर ऊन हवं. मुळाशी पाणी साचलं तर वेल कुजते. कोकणात जमिनीपेक्षा थोडा उंचवटा करून त्यावर लावा. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत आणि माती.

३. आधार : सहा-सात फूट उंच मांडव किंवा मजबूत जाळी. वेल वर पोचेपर्यंत एकच खोड ठेवा, खालचे फुटवे काढा. वर गेल्यावर शेंडा खुडा म्हणजे चारी बाजूंनी फांद्या फुटतील.

४. पाणी : फुलं आणि फळं असताना माती कोरडी पडू देऊ नका. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका.

५. छाटणी : फळ नव्या फांदीवरच येतं. म्हणून फळं संपली की जुन्या, वाळक्या फांद्या कापा.

६. फवारणी : वेल फुलात असताना कीटकनाशक मारू नका. भुंगा मेला तर फळही गेलं. पानं खाणाऱ्या काटेरी अळ्या दिसल्या तर काडीने बाजूला काढा. त्यांची नारिंगी फुलपाखरं होतात, म्हणून आम्ही एक कोपऱ्यातली फांदी त्यांना सोडली आहे.

७. खाताना : फक्त पिकून पडलेलंच फळ खा. साल सुरकुतली तरी फळ चांगलं असतं. कच्ची फळं आणि पानं मुलांना तोंडात घालू देऊ नका, त्यांत विषारी घटक असतात.

वर्गात करून पाहा

- एकाच फुलाचं दर पंधरा मिनिटांनी चित्र काढा. कुक्षी कधी वाकल्या?
- पानाच्या देठावर दोन बारीक गाठी असतात. तिथे मुंग्या का येतात? (त्या गाठींतून गोड रस येतो. हे मात्र मुलांना आधी सांगू नका!)
- लाल-पांढऱ्या दोऱ्याचा प्रयोग तुमच्या परसबागेतल्या भोपळ्यावर करा. नराचं फूल कोणतं, मादीचं कोणतं, ओळखा.
- फुलावर दहा मिनिटांत कोण कोण आलं, त्याची यादी करा.

आमच्या परसबागेत आता दुधीही आहे. जाळीच्या दुसऱ्या टोकाला, समितीच्या म्हणण्याप्रमाणे. आमटीत भाजी पडते आणि डिसेंबरात सरबतही होतं. तुमच्या शाळेच्या जाळीवर एखादी वेल नुसतीच फुलत असेल, तर ती उपटण्याआधी एक दुपार तिच्यापाशी मुलांना बसवा. फळ का धरत नाही, हे त्यांना विचारू द्या.